कंपायलरला ओळ माहीत होती

टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाच्या वहीचं पान मी पाहिलं आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. डाव्या बाजूला ‘१ ते २०’, समोर बरोबरची खूण. खाली ‘२१ ते ४०’, समोर फुली. मग ‘२१ ते ३०’, फुली. ‘२१ ते २५’, बरोबर. ‘२६ ते ३०’, फुली. असं करत करत शेवटी ‘२८’, आणि त्याभोवती दोनदा गिरवलेलं वर्तुळ. मी विचारलं, “हे काय रे?” तर म्हणाला, “टेबलातली कुठली ओळ चुकलीय ते शोधत होतो, ताई. अर्ध्या अर्ध्या ओळी कॉमेंट करून बिल्ड करत गेलो. सापडली.” चेहऱ्यावर समाधान होतं. आणि पद्धत खरोखर शहाणपणाची होती. अर्ध्या ओळी तात्पुरत्या बाजूला काढायच्या, कोड पुन्हा बांधून बघायचा: कॉलेजात शिकलेला बायनरी सर्च त्याने हाताने चालवला होता. कॉफीचा कप घेऊन मी माझ्या जागेवर आले. आमचं काम सी प्लस प्लस या भाषेत चालतं. ते चाळीस ओळींचं टेबल ज्या फंक्शनने तपासलं, ते कंपायलरच्या, म्हणजे आमच्या कोडचा प्रोग्राम बांधणाऱ्या यंत्रणेच्या, आत चालतं. चुकीच्या ओळीपाशी ते थांबलं तेव्हा कितव्या ओळीवर आहोत हे कंपायलरच्या स्मृतीत होतंच, त्याशिवाय त्याला थांबताच आलं नसतं. म्हणजे यंत्राला जे माहीत होतं तेच एक माणूस पेन घेऊन पुन्हा शोधत बसला होता.

त्याला राग आला नव्हता, हे मला जास्त लागलं.

गोष्ट साधी आहे. गाडीतले वेगवेगळे इलेक्ट्रॉनिक बोर्ड एकमेकांशी कॅन बस नावाच्या तारांच्या जाळ्यावरून बोलतात. जुन्या कॅनच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे एका संदेशात, जास्तीत जास्त आठ बाइट, म्हणजे ६४ बिट माहिती मावते. त्या ६४ बिटांत वेग कुठे, तापमान कुठे, दरवाजा उघडा की बंद हे कुठे, याचं टेबल असतं: सिग्नलचं नाव, स्टार्ट बिट, लांबी. अठ्ठाविसाव्या ओळीत स्टार्ट बिट ५६ होता आणि लांबी १२. बेरीज ६८. सिग्नल फ्रेमच्या बाहेर चालला होता. ही चूक गाडी ट्रॅकवर फिरताना सापडण्याऐवजी कोड बांधतानाच सापडावी म्हणून आमच्याकडे एक कॉन्स्टइव्हॅल, म्हणजे कंपाइल होतानाच चालणारं, फंक्शन आहे. ते टेबलावरून लूप फिरवतं, बेरीज ६४ च्या वर गेली की थ्रो करतं, म्हणजे चूक झाल्याचं सांगून थांबतं. काम चोख करतं, त्या दिवशीही केलं. फक्त आमच्या कंपायलरने, क्लँगने, स्क्रीनवर जे उमटवलं ते असं: ‘कॉल टू कॉन्स्टइव्हॅल फंक्शन इज नॉट अ कॉन्स्टंट एक्सप्रेशन’. त्याखाली टीप: ‘सबएक्सप्रेशन नॉट व्हॅलिड इन अ कॉन्स्टंट एक्सप्रेशन’, आणि लूपच्या पोटातल्या थ्रोखाली एक बाण. त्याखाली आणखी एक टीप, की हे फंक्शन या टेबलावर बोलावलं होतं. लूपमध्ये ओळी मोजणाऱ्या ‘आय’ या व्हेरिएबलची किंमत कुठेच नाही. ५६ नाही, १२ नाही, ६८ नाही, ६४ नाही.

माझ्या पिढीच्या बहुतेकांनी पहिली एरर टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर पाहिली. लॅबमध्ये पंखा आवाज करत फिरायचा, एका मशीनवर दोघं-तिघं बसायचो, आणि ‘स्टेटमेंट मिसिंग सेमीकोलन’ आलं की हायसं वाटायचं, कारण काय करायचं ते त्यातच लिहिलेलं असायचं. ‘एल व्हॅल्यू रिक्वायर्ड’ आलं की मात्र सगळे गप्प. एल व्हॅल्यू म्हणजे काय हे त्या लॅबमध्ये आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे काहीतरी उलटसुलट करून पाहिलं की ती जाते, एवढं ठाऊक होतं. एररचा अर्थ न कळता ती घालवायची कशी, हे आम्ही आधी शिकलो. त्या सवयीचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. आज वाटतं. कारण ती सवय एकदा लागली की माणूस यंत्राकडून उत्तराची अपेक्षाच सोडतो, आणि पुढे हाच माणूस लायब्ररी लिहायला बसतो तेव्हा तीही तशीच मुकी निघते.

कंपाइल टाइमला, म्हणजे कोड बांधला जात असतानाच, फंक्शन चालवण्याची ही सोय मला मनापासून आवडते, हेही सांगायला हवं. २०११ मध्ये कॉन्स्टएक्सपर, म्हणजे कंपाइल होतानाही चालू शकणारं फंक्शन, आलं तेव्हा त्या फंक्शनच्या पोटात जेमतेम एक रिटर्न मावायचा. लूप हवा असेल तर रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच हाक मारण्याची, कसरत करावी लागे. २०१४ मध्ये लूप आणि लोकल व्हेरिएबल आली आणि ते माणसाने लिहिल्यासारखं दिसायला लागलं. २०२० मध्ये कॉन्स्टइव्हॅल आलं: हे फंक्शन कंपाइल होतानाच चाललं पाहिजे, नाहीतर कोड बांधलाच जाणार नाही. आमच्यासारख्या कामात, जिथे बोर्डावर मेमरी मोजून मिळते आणि चूक झाली तर ती रस्त्यावर होते, तिथे हे वरदान आहे. टेबल तपासायचा खर्च लॅपटॉप उचलतो, गाडीच्या वाट्याला एक बाइटही येत नाही. पण हे फंक्शन जिथे चालतं तिथे किमती छापून दाखवणारं प्रिंटएफ नाही, लॉग नाही, डीबगर लावून ब्रेकपॉइंट टाकावा तर अजून प्रोग्रामच जन्माला आलेला नाही. आत काय घडलं हे कळायला एकच झरोका उरतो, तो म्हणजे एरर मेसेज. रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालताना, मेसेज वाईट असला तर माणूस दुसऱ्या वाटेने आत शिरतो. इथे दुसरी वाट नाही.

या झरोक्यातून किती दिसू शकतं हे एका माणसाने १९९४ मध्येच दाखवून दिलं होतं. सी प्लस प्लसच्या प्रमाणीकरण समितीच्या बैठकीत एर्विन उनरूह यांनी एक छोटा प्रोग्राम आणला. तो कंपाइल होत नव्हता, व्हावा असा हेतूही नव्हता. त्याच्या एरर मेसेजांमध्ये एकेक करून मूळ संख्या छापल्या जात होत्या: दोन, तीन, पाच, सात. टेम्प्लेटच्या, म्हणजे ज्यावरून कंपायलर कोड तयार करतो त्या साच्याच्या, आत खरीखुरी आकडेमोड होऊ शकते हे त्यावरून जगाला कळलं, आणि टेम्प्लेट मेटाप्रोग्रामिंग म्हणून जे पुढे फोफावलं त्याची सुरुवात इथलीच मानतात. मला या गोष्टीत वेगळंच काहीतरी दिसत राहतं. कंपाइल टाइमच्या गणिताचं पहिलं गाजलेलं उत्तर एरर मेसेजमधून आलं होतं. आकडे तिथे होते, वाचता येत होते. इतक्या वर्षांनी, त्याहून कितीतरी सुबक भाषेत तेच गणित मांडलं, आणि आकडेच दिसेनासे झाले.

का झाले, हे नीट पाहिलं तर कुणाचा आळस वगैरे दिसत नाही. कंपायलरच्या आत एक छोटा इंटरप्रिटर असतो, तो हा कोड चालवून बघतो. कॉन्स्टएक्सपर फंक्शनच्या बाबतीत हे बघणं बहुतेक वेळा ‘जमलं तर जमलं’ या भावनेने होतं: किंमत आत्ताच काढता आली तर काढू, नाहीतर रनटाइमला निघेल. अशा वेळी न जमणं ही चूक नसतेच, म्हणून तो गप्पच राहायला हवा. कॉन्स्टइव्हॅलने मात्र न जमण्यालाच चूक ठरवलं, आणि बोलण्याची रीत जुनीच राहिली. शिवाय सी प्लस प्लस २६ च्या आधीच्या नियमांत तो थ्रो या शब्दापाशी पोचला की त्याचा विषय संपतो. तुम्ही काय फेकताय, त्या कंसात कुठली स्ट्रिंग आहे, हे तो चालवून बघत नाही. थ्रोच्या ओळीवरच स्ट्रिंग लिहिलेली असेल तर ती आपल्याला दिसते खरी, पण ती सोर्सची ओळ जशीच्या तशी छापली जाते म्हणून. कंपायलरने आपल्याला काही सांगितलं म्हणून नव्हे. जीसीसी हा दुसरा कंपायलर तर सरळ ‘थ्रो-एक्सप्रेशन इज नॉट अ कॉन्स्टंट एक्सप्रेशन’ म्हणून मोकळा होतो. हे वाक्य स्टँडर्डच्या पोथीतल्या नियमाशी तंतोतंत जुळतं. ते खोटं नाही. पण समोर बसलेल्या माणसाने कॉन्स्टंट एक्सप्रेशन लिहायला घेतलेलंच नसतं, तो वेगाच्या सिग्नलला जागा देत असतो.

बाबांबरोबर लहानपणी एका सरकारी कचेरीत गेल्याचं आठवतं. शेताच्या कागदांचं काहीतरी काम होतं. खिडकीच्या आतून अर्ज परत आला, वर शिक्का: ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’. कुठली त्रुटी, विचारायला बाबा पुन्हा रांगेत उभे राहिले. आतून उत्तर आलं, “नियमानुसार अर्ज पूर्ण नाही.” बाबांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून प्रत्येक रकाना बोटाने वाचला, मला मोठ्याने वाचायला लावला, आणि आम्हाला दोघांनाही काही सापडलं नाही. दुसऱ्या खेपेला खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी अर्ज उलटा केला, मागच्या पानावर पेन्सिलीने एका चौकोनात बारीकशी खूण केली आणि म्हणाल्या, “इथे गट नंबर राहिलाय.” नियम तोच, अर्ज तोच, खिडकी तीच. आधीच्या माणसालाही तो चौकोन दिसला असणारच, नाहीतर त्याने शिक्का मारला कशावरून? बाबा तिथून निघताना त्या बाईंना नमस्कार करून निघाले, तेवढ्या कामासाठी. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं होतं.

एक खूण. बस तेवढीच.

आणि ती करणारे लोक आमच्या धंद्यातही आहेत. जीसीसीबरोबर जी स्टँडर्ड लायब्ररी येते तिच्यात फॉरमॅट स्ट्रिंग, म्हणजे किमती भरायच्या मजकुराचा साचा, कंपाइल होतानाच तपासली जाते. महिरपी कंस उघडला आणि मिटवला नाही, तर ती तपासणी ज्या फंक्शनला हाक मारते त्याचं नावच ‘अनमॅच्ड लेफ्ट ब्रेस इन फॉरमॅट स्ट्रिंग’ असं आहे. भाषेत निरोप द्यायची सोय नव्हती तर कुणीतरी फंक्शनच्या नावालाच निरोप केला, कारण नाव मात्र एररमध्ये छापलं जातं. तो निरोप आठ-दहा ओळींच्या टिपांखाली दबलेला असतो, शोधावा लागतो, तरी असतो. मर्यादा ओलांडल्याचंच बघा. कंपायलरच्या आतला लूप फार वेळ फिरला तर जीसीसी सांगतो की २,६२,१४४ फेऱ्यांची मर्यादा ओलांडली, आणि ती वाढवायची असेल तर अमुक ऑप्शन वापरा. आकडाही दिला, उपायही दिला. क्लँगची मर्यादा १०,४८,५७६ पायऱ्यांची. ती संपली की तो म्हणतो, मर्यादा संपली, कदाचित अनंत लूप असेल का? मोठं टेबल घेऊन बसलेल्या माणसाला या प्रश्नाचं करायचं काय? ऑप्शनचं नाव शोधायला त्याला दुसरीकडे जावं लागतं.

दुसऱ्या भाषांनी हा विचार आधी केला. डी भाषेत स्टॅटिक असर्टला, म्हणजे कंपाइल होतानाच अट तपासणाऱ्या ओळीला, दिलेला मेसेज कंपाइल टाइमलाच जुळवून बनवता येतो. झिगमध्ये तर कंपाइल एरर नावाची सोयच आहे, तिला आपण आकडे घालून वाक्य तयार करून द्यायचं आणि तेच वाक्य माणसाच्या समोर येतं. रस्टने डिसेंबर २०२१ मध्ये, १.५७ आवृत्तीत, कॉन्स्ट कोडमध्ये, म्हणजे कंपाइल होतानाच चालणाऱ्या कोडमध्ये, पॅनिक करायला, म्हणजे मजकूर देऊन थांबायला, परवानगी दिली, त्यामुळे लिहिलेला मजकूर निदान दिसू लागला. आकडे त्यात गुंफता येत नाहीत ही खंत राहिलीच. सी प्लस प्लसमध्येही आता वारं फिरलंय. स्टॅटिक असर्टचा मेसेज आपल्या फंक्शनने तयार केलेला चालेल असं सी प्लस प्लस २६ साठी ठरलं, आणि जीसीसी १४ व क्लँग १७ पासून ते वापरताही येतं. त्याच स्टँडर्डमध्ये कंपाइल टाइमला एक्सेप्शन फेकायची आणि झेलायचीही मुभा आलीय. तरी एक मेख उरते: कॉन्स्टइव्हॅल फंक्शनच्या आत, त्याला मिळालेल्या पॅरामीटरवर स्टॅटिक असर्ट लावता येत नाही, कारण फंक्शनच्या आतून पाहता तो पॅरामीटर कॉन्स्टंट धरला जात नाही, मग बाहेरून कितीही कॉन्स्टंट असो. म्हणून तपासणाऱ्या फंक्शनने फेकाफेक न करता कुठली ओळ, काय बिघडलं हे परत द्यायचं, आणि स्टॅटिक असर्ट बाहेर लिहायचा. थोडं वळण घ्यावं लागतं, पण वाट आहे.

आमच्याकडे ती वाट आज तरी नाही. गाडीच्या सॉफ्टवेअरसाठी कंपायलरची एखादी आवृत्ती तपासून मान्य होते आणि मग ती सहजी बदलत नाहीत, ते योग्यही आहे. आमचा क्लँग त्यामुळे जुना आहे. पण या जुन्या क्लँगचा एक गुण असा की, फंक्शनला कुठल्या किमती देऊन हाक मारली हे तो टिपेत छापतो. लूपमधली व्हेरिएबल तो दाखवत नाही, आर्ग्युमेंट दाखवतो. मग थ्रो त्याच्या अटीसकट लूपमधून उचलायचा आणि एका वेगळ्या कॉन्स्टएक्सपर फंक्शनमध्ये ठेवायचा, ज्याला ओळ, स्टार्ट बिट आणि लांबी द्यायची. त्या फंक्शनचं नाव ठेवलं ‘सिग्नल डझ नॉट फिट इन फ्रेम’. टेबलात तीच चूक मुद्दाम पुन्हा घालून बिल्ड केलं. वरची दोन वाक्यं होती तशीच आली. त्याखालच्या टिपेत मात्र त्या नावापुढे कंसात उमटलं: २७, ५६, १२. सत्तावीस, कारण मोजणी शून्यापासून. अठ्ठाविसावी ओळ. चार-पाच ओळींचा बदल होता.

रिव्ह्यूमध्ये आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आक्षेप घेतला. त्याचं म्हणणं, चूक पकडली गेली ना, गाडीपर्यंत गेली नाही ना, मग फंक्शनने आपलं काम केलं. एररसाठी वेगळी फंक्शनं लिहिली तर उद्या प्रत्येक तपासणीला शेपूट फुटेल. तो माणूस कामाचा पक्का आहे आणि शेपटांची भीती खोटी नाही. अगडबंब मेसेज मीही भोगलेत. लिस्टवर सॉर्ट चालवून पाहिल्यावर स्क्रीनवरून वाहत गेलेली ती पानंच्या पानं कोण विसरेल? जास्त बोलणं म्हणजे नीट सांगणं नव्हे, हे त्याला मान्य आणि मलाही. पण पकडलं की काम संपलं, हे मला पटत नाही आणि मी ते तिथे सांगितलंही. तपासणी लिहिणाऱ्याच्या हातात त्या क्षणी ओळ असते, आकडा असतो, मर्यादा असते. पुढच्या माणसाकडे यातलं काहीही नसतं. ज्याच्या हातात आहे त्याने दिलं नाही, तर न जाणो किती जण आपापल्या वहीत तीच अर्धी-अर्धी फोड करत बसतील, आणि त्यातले बरेच जण मनाशी म्हणतील की सी प्लस प्लस आपल्याला जमत नाही. मी असे लोक पाहिलेत. चांगली मुलं होती. त्यांना भाषा येत होती, निरोप मिळत नव्हता.

बदल मान्य झाला. आता दुसरी तपासणी हातात आहे: दोन सिग्नल एकमेकांच्या बिटांवर चढले तर. इथे एक ओळ सांगून भागत नाही, दोन्ही सांगाव्या लागतात. सिग्नलचं नावही आर्ग्युमेंट म्हणून देऊन पाहिलं. क्लँग ते सुंदर छापत नाही; पुढे अँपरसँड, नाव अवतरणात, मागे चौकोनी कंसात शून्य. पण वाचता येतं. प्रश्न एवढाच राहिलाय की आधी नाव द्यायचं की ओळ. सहकाऱ्याचं मत ओळ, कारण ती लहान. माझं मत नाव, कारण टेबल ज्या डीबीसी फाइलवरून, म्हणजे सिग्नलांच्या मूळ यादीवरून, बनतं तिच्यात शोधताना माणूस सिग्नलचं नाव टाइप करतो, ओळीचा नंबर तिथे वेगळाच असतो. सध्या ब्रँचवर नाव आधी आहे, मग ओळ, मग स्टार्ट बिट, मग लांबी, आणि दुसऱ्या सिग्नलचं हेच सगळं त्याच क्रमाने.